बसणं

बसायला मला कुणी शिकवायचं?
चाळीस वर्सं बसलोयच की मी,
सुभाषनगरात, दाराच्या उजेडाला,
एक गुडघा मोडून, एक उभा,
अंगठ्याला वादी अडकवून
वेणी घालत.
चपलेवरची वेणी. डोक्यातली नव्हं.
डोक्यातली घालायला वेळ कधी मिळाला.

तरी संघमित्रा म्हणली, आई, विहारात चल जरा बसायला.
ती सीपीआरला नर्स. दुसऱ्यांच्या बीपीचे आकडे
लिहून लिहून दमलेली, त्यात माझा एक.
झोप मलाही नव्हती, पण ती आकड्यानं नव्हं.
तिचा बाप गेल्यापासनं
रात्री घरात रापीचा आवाज येत नाही.
त्या न येण्यानं जाग येती.

विहारात धनवडे मामा बसवतात.
केएमटीत एकतीस वर्सं कंडक्टर.
अजून तसंच बोलतात, पुढं सरका, पुढं सरका,
मग पितळी वाटी वाजवतात एकदा
आणि सगळी गाडी गप्प.
"नाकाच्या शेंड्यापाशी उभं ऱ्हायचं.
श्वास चढतोय, उतरतोय, बघायचं.
तिकीट मागायचं नाही कुणाला.
विचार आला, येऊ दे. त्याचा स्टॉप आला की उतरंल.
त्याच्यामागं तुम्ही उतरू नका."

पहिल्या दिवशी मी हरेक स्टॉपला उतरलो.
गॅस बंद केला का.
भिजत घातलेलं चामडं.
शेठनं बुडवलेले तेवीस जोडांचे पैसे,
तिथं तर खाली उतरून भांडतच बसलो.
डोळं उघडलं, तर बाया सतरंज्या झटकत होत्या.

मग एका संध्याकाळी, कुठली ते ध्यानात नाही,
श्वास वादीसारखा हाताला लागला.
ओली वादी. आत येताना गार,
जाताना कोमट.
एवढं गार-कोमट रोजचंच,
माझ्याच नाकाखाली,
आणि हिरड्या-बाभळीच्या वासापल्याड
मी तिथं कधी गेलोच नव्हतो.
पाठ दुखत होती. दुखणं गेलं नाही.
जुनी शेजारीण दारात उभी ऱ्हावी
तसं ते उभं. ये म्हणलं नाही,
जा म्हणलं नाही.

शेवटाला मामा म्हणतात, आता भलं चिंता.
आधी आपलं, मग घरच्यांचं,
मग ज्यांचं तोंड बघू वाटत नाही त्यांचं.
आपल्यापाशीच अडकलो.
आपलं भलं कुठल्या मापाचं असतंय?
सात नंबर? आठ?
संघीचं सरळ गेलं.
शेठपाशी आलो. जीभ आतल्या आत वळवळली.
म्हणलं, बरा ऱ्हा बाबा.
आणि पैसे दे.
मामा म्हणतात, दुसरं वाक्य मैत्रीत धरत नाहीत.
मी अजून धरतो.

काल भायेर आलो. पायरीवर जोडच जोड.
माझी रबरी सँडल कडेला.
मधी एक कोल्हापुरी. वेणी वळखली.
सात पदर, चौथा ढिला.
हे आजारी होते त्या वर्सातली, माझ्याच हातची.
पालथी केली. डावी टाच
भायेरनं पार झिजलेली.
हलत्या गाडीत एका पायावर
आयुष्यभर तोललेला माणूस.
गुडघा दुखत असणार. कधी बोलले नाहीत.
आम्हाला सांगतात, दुखण्याकडं बघा.

"मामा, दोन दिवस ही माझ्याकडं ऱ्हाऊ दे."
"मग मी काय घालू?"
माझी सँडल दिली. टाचा भायेर,
फटक फटक करत गेले गल्लीतनं.
मी अनवाणी.
दिवसभराचं तापलेलं डांबर,
मग फरशी, मग नळाखालचा चिखल.
घरापर्यंत एकेक पाऊल कळत गेलं.

आता दाराशी बसलोय. टाचेला नवा थर.
आरी आत, आरी भायेर.
दहा वाजून गेले. संघी इचारती,
आई, झोपायचं नाही?
म्हणलं, झोप तू.
रापीचा आवाज येऊ दे जरा घरात.