गुण्या

एकोणऐंशी साली सातपूरच्या एका कारखान्यात
बाबांची मुलाखत उभ्या उभ्याच झाली.
फोरमननं लोखंडाचा ओबडधोबड तुकडा हातात दिला,
एक कानस दिली,
म्हणाला, चौरस कर.
नाव नंतर विचारलं.
तीन तासांनी गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरला,
एक डोळा मिटला.
मधून उजेड दिसला नाही.
म्हणाला, सोमवारपासून ये.

मला झाड उलटं करायचं असतं.
डाव्या फांद्या उजवीकडे, उजव्या डावीकडे,
वीस मिनिटांत,
आणि करता करता मोठ्यानं विचार करायचा,
म्हणजे पलीकडच्याला कळतं की हा विचार करतो.
सतरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं
उलटं झाड मागितलं नाही.
बँकेचे पैसे मध्येच अडकले की रात्री फोन यायचा,
तेवढंच.

पुण्याच्या कंपनीनं आधी म्हटलं, घरून करा.
आम्ही इंदिरानगरात फ्लॅट घेतला.
मग म्हटलं, परत या.
मग म्हटलं, येऊ नका.

रविवारी सकाळी समिधा गायधनी वर येते,
दुसऱ्या मजल्यावरची. अजून तेवीसही पूर्ण नाही.
पोह्यांची ताटली बाजूला सारून
माझी खोटी मुलाखत घेते.
"काका... सॉरी, सुरेंद्र,
तुम्ही ‘आम्ही’ फार म्हणता. ‘मी’ म्हणा."
आम्ही सर्व्हर हलवले. मी सर्व्हर हलवले.
आम्ही दिवाळीच्या रात्री जागलो. मी जागलो.
जयवंत, फर्नांडिस, ती मदुराईची सेल्वी,
जी फोनवर झोपेतच आकडे बरोबर सांगायची,
एकेक जण वाक्यातून उतरून गेले.
उरलो मी. अनुभवी. एकटा.

"पदवीचं वर्ष खोडा."
खोडलं.
"एआयची भीती वाटते म्हणू नका. मजा येते म्हणा."
मजा येते.
"हसून म्हणा."
मग ती पाणी पिते, आवाज बदलते,
"अकरा महिने काय करत होता?"

बाबांना गंगापूर रोडला फिजिओकडे नेत होतो.
क्लाउडची दोन सर्टिफिकेटं काढली, एक नापास.
अशोक स्तंभाजवळच्या दुकानात
लोकांचे लॅपटॉप उघडून धूळ झाडत होतो,
एकात मेलेलं झुरळ निघालं, त्याचे पैसे जास्त घेतले.
"यातलं दुसरं सांगा," समिधा म्हणाली,
"बाकीचं नको."

गुरुवारी तिचा मेसेज आला, रात्री सव्वा अकराला.
त्यांच्या टीममधले नऊ गेले.
पुढच्या ओळीत:
रविवारी उलट करू या का?
तुम्ही विचारा, मी सांगते.

मंगळवारी माझी खरी.
बाबांनी शर्टाला इस्त्री केली, कॉलर दोनदा.
खाली मी घरचीच पॅंट ठेवली, ते त्यांना पटलं नाही.
खोलीतला पंखा बंद केला, आवाज नको म्हणून,
आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

समोर कोणीच नव्हतं.
पडद्यावर एक प्रश्न उमटायचा, खाली नव्वद आकडा,
तो कमी होत जायचा,
आणि कोपऱ्यात मी, मान हलवणारा,
मलाच.
झाड उलटं केलं. मोठ्यानं विचार केला.
घाम भुवईवर थांबला, पुसला नाही,
पुसताना नजर हलते म्हणे, आणि ती मोजतात.
अकरा महिन्यांचं आलं, सर्टिफिकेट सांगितलं.
झुरळाचंही सांगून टाकलं. का, माहीत नाही.

शेवटचा प्रश्न:
तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?
नव्वद.
समिधानं तीन छान प्रश्न पाठ करून घेतले होते.
मी विचारलं,
रात्री दोनला बंद पडलं, तर तुमच्याकडे फोन कोण उचलतं?

एक्याऐंशी सेकंद उरले होते.
ते बंद करता येत नव्हते.
मी बसून राहिलो.
दाराखालच्या फटीतून येणारा उजेड
दोन जागी अडला होता,
बाबांच्या पायांएवढा.