महिनाअखेर

गोर्लिट्झमध्ये, नाइसे नदीच्या अलीकडे,
इर्मट्राउट अजून लेन्स उघडते.
अठ्ठ्याहत्तर सरलं. हात हलत नाही.

टोर्बेनने दोन आणल्यात:
आजोबांची एक, खिसा फाडेल एवढी जड;
दुसरी तीन वर्षांची, प्लास्टिकची,
परवा पडली आणि मुकी झाली.

"जुनं काम ते जुनं काम," तो म्हणतो.
ती कडी फिरवू बघते. फिरत नाही,
आतलं ग्रीस थंडीतल्या काकवीसारखं.
मग क्रमांक वाचते, चष्मा कपाळावर सारून.
एकोणऐंशीचा डिसेंबर.

कोटा पुरा व्हायचा होता,
काच मध्यावर बसली की नाही
बघायला सवड कुणाला होती?
"शिक्का माझाच असेल," ती म्हणते.
"वाईट निघाल्या त्या तेव्हाच भंगारात गेल्या.
तुला भेटतात त्या उरलेल्या."

रॉकेल, कापूस, तासभर.
कडी सैल होते.
डावा कोपरा धूसरच राहतो; ती राहू देते.

नवीला मात्र कुठे स्क्रूच नाही.
नुसता डिंक.
ती तिला फिरवत राहते बोटांत,
बंद घराला चक्कर मारावी तशी,
मागचं दार शोधत.