एक ओळ गाळून

तीन संध्याकाळी झाल्या,
प्रार्थनेत एका ओळीला तबिथाचा आवाज येत नाही.
भाकरीच्या ओळीला असतो, चांगला ठणठणीत,
मग क्षमेची ओळ येते
आणि ती ओठ मिटून पंख्याकडे बघते.
पंखा बंद असतो. चोपड्यात एप्रिलात सातला वीज जाते,
आली तर नऊला येते.

कारण असं, की संडेस्कूलच्या बाईंनी
मोहरीचे तीन-तीन दाणे दिले होते प्रत्येकाला, मोजून.
हिनं ते करवंटीत पेरले,
टाकीच्या सावलीत ठेवले,
दोन गेले, एक उगवला.
आणि हनोखनं, वय वर्षं चार, ते रोप उपटलं.
"मूळ आलं का ते बघत होतो," म्हणाला.
बघून झाल्यावर परत लावलंही,
मूळ वर, पानं मातीत.

मी मिसळणाचा डबा पुढे केला,
"घे गं, किती हवेत?"
एका दाण्याएवढ्या विश्वासानं डोंगर सरकतो म्हणे;
आमच्याकडे रोज चमचाभर तडतडतात तेलात
आणि सातपुडा आहे तिथेच आहे, गच्चीवरून दिसतो.
तिनं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"ते फोडणीचे आहेत."

हनोखला यातलं काही माहीत नाही.
शेजारच्या वेणूआजी हाक मारतात, "हनू, आठे ये रे भो,"
त्यांच्या हिशेबी हा मारुतीचा हनू,
शनिवारी खोबऱ्याचा तुकडा ठरलेला.
तो खातो, हात चड्डीला पुसतो,
आणि संध्याकाळी सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" ओरडतो,
कधी कधी मधेच,
कारण भूक लागलेली असते.

"लहान आहे, विसरेल," अबनेर म्हणतात.
कोण, तो की ती?

काल दवाखान्यातून आले,
पांढरे बूट काढायच्या आत तबिथा म्हणाली,
"आई, तू पण ती ओळ पटकन म्हणतेस."
"पटकन म्हणजे?"
"बाबा गाडी खड्ड्यातून काढतात तशी. ढुंगण उचलून."
मी रागावले, आधी त्या शब्दाबद्दल.
मग भाकरी थापता थापता राग खाली बसला
आणि धरणगावची मार्था वर आली, माझी नणंद.
सासूबाईंचं शिलाई मशीन.
त्यावर आम्ही दोघींनी एका नाताळात पाच फ्रॉक शिवले होते.
ते तिनं न विचारता टेम्पोत घातलं,
त्याला येत्या नाताळला सहा वर्षं.
तिच्या धाकट्याचं नाव मला नीट माहीत नाही.
बहुतेक सीलास.

आज सुट्टी. पहाटे चारला ज्वारीचा घाटा रटरटला,
आठच्या आत गच्चीभर जुन्या साड्यांवर बिबड्या,
पोरं काठावर वाट्या घेऊन,
घाट्यावर कच्चं तेल, हनुवटीपर्यंत.
तबिथा काठी घेऊन राखणीला.
कावळ्यांना हाकते, हनोखलाही हाकते,
तो जास्त खातो.
ऊन असं, की दिवेलागणीला खडखडीत.
मी चाळीस मोजून डब्यात भरल्या,
झाकणावर मार्थाचं नाव लिहिलं.
फोन लावला नाही.
डबा सोमवारच्या एसटीनं जाईल,
नाहीतर बुधवारच्या.

रात्री गच्चीवरच अंथरुणं, तिथंच प्रार्थना.
ती ओळ आली.
तबिथाचा आवाज नव्हताच,
माझा या वेळी खड्ड्यातच अडकला,
अबनेर पेंगत होते,
आणि ती पूर्ण ओळ एकट्या हनोखनं म्हटली,
बोबडी, एक शब्द चुकवून,
मागे कोणी आहे का ते न बघता
तो पुढे निघून गेला.

"उद्या म्हणेन," तबिथा उशीत तोंड घालून म्हणाली.
"पण नक्की नाही."
मग झोपली,
एक पाय त्याच्या पोटावर टाकून, रोजच्यासारखा.

टाकीपाशी करवंटी आहे.
मूळ वर केलेली ती मोहरी
अजून कोणी फेकलेली नाही.