पराग्वे

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यातून निघाल्या.
अमेरिका गेली ऋत्विज बक्षीकडे,
ज्याची कॅन्टीनमध्येही उधारी असते.
चीन अल्फिया पठाणला,
आणि मला पराग्वे.
"हे कुठं असते बाप्पा?"
सरांनी नकाशावर खडू टेकवला:
चहूबाजूंनी जमीन, समुद्र नाही.
म्हटलं, मग आपलंच आहे.

दोन दिवस कुलर घरघरत होते
आणि आम्ही जगाचं कर्ज वाटून घेत होतो.
नॉर्वेचा कोट काकाच्या लग्नातला,
बाह्या बोटांवर उतरलेल्या.
जपान नमस्काराला वाकला, चष्मा पडला.
तोंडी "माननीय अध्यक्ष महोदय",
पण भांडण आपल्या मातीतलं:
"काहून बे, काल तर हो म्हणून राहिला होता!"

खरी बैठक भरली बाहेर, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर.
अल्फियानं माझ्या पोह्यांवर लिंबू पिळत विचारलं,
तुला नक्की पाहिजे काय?
दोन दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.
माझ्या फायलीत आकडे होते, भूमिका होती,
पाहिजे काय, ते कुठंच नव्हतं.
कळमन्यात बाबा सांगायचे,
पूर्वी रुमालाखाली बोटांनी भाव व्हायचा,
तोंड काही बोलो, बोट खोटं बोलत नसे.

"रस्ता," मी म्हटलं.
"दुसऱ्याच्या अंगणातून जायला.
आणि दार उघडताना त्यानं रोज
उपकार मोजू नयेत."
ती हसली नाही.
कागदी प्लेटच्या कोरड्या कडेवर लिहून घेतलं.

साडेपाचला सगळं एका शब्दाशी अडलं:
'देतील' की 'देण्याचा प्रयत्न करतील'.
वीस देश, एक क्रियापद,
आणि माझी पारडीची बस सहाची.
ऋत्विज आला, कोट खांद्यावर टाकून:
कर ना सही, खोटंखोटंच तर आहे.

खोटंखोटं होतं, म्हणून तर
मला नाही म्हणता येत होतं.

बस गेली.
वॉचमन एकेक दिवा मालवून राहिला होता
तेव्हा कुणीतरी 'यथाशक्ती' हा शब्द काढला.
कुणालाच आवडला नाही.
एकमतानं मंजूर झाला.

अल्फियाचं घर मोमिनपुऱ्यात,
तरी तिनं स्कूटी पारडीकडे वळवली.
सिग्नलला मी पर्स चाचपली,
पेट्रोलचे देईन म्हटलं.

"देशील," ती मागं न बघता म्हणाली,
"की देण्याचा प्रयत्न करशील?"
आणि हिरवा लागला.