दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं

दापोली डेपोत बावीस वर्षं
मी गाड्या पुकारते.
हर्णे, बुरोंडी, केळशी, दाभोळ,
प्रवाशांनी नोंद घ्यावी.
नोंद घेतात. उत्तर कोणी देत नाही,
आणि मीही कधी थांबले नाही त्यासाठी.

हुसैनमियाँ परकार एकदा चौकशीच्या खिडकीशी आले.
बाय, म्हणाले, तुझा ळ भोंग्यातसुद्धा फुटत नाही.
जहाजावर एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस.
त्यांना गाडी नको होती,
गुडघे गेले होते,
डोंगरावर पाठवायला कोणीतरी हवं होतं.

मग पुस्तकं. ओहमचा नियम मी
कुकरच्या शिट्ट्या मोजत पाठ केला.
मग परीक्षा. मग लायसन्सची वाट, चौदा महिने.
पोस्टमन विचारायचा, व्हिसा कुठला हो?
वरचा, म्हटलं.

माघातला रविवार.
पाठीवर बिस्किटाच्या डब्याएवढा रेडिओ, बॅटरी,
वीस मीटर वायर,
आणि नवऱ्याची गळाची काठी,
जिला आजवर एकच शेंगटी लागलीय.
काजूची कलमं संपली तशी सावली संपली.
पुढं नुसता कातळ, तापलेला,
आणि वाळल्या गवताची कुसळं सलवारीत.

वाघजाईच्या माथ्यावर छप्पर नाही, तीन पाषाण आहेत.
नमस्कार केला, नारळ विसरले होते.
जांभ्यात खुंटी शिरेना,
म्हणून दगडांचा गडगा रचून त्यात काठी रोवली.
वायर दोनदा करवंदीत अडकली.

परकारांनी बजावलेलं:
दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं.
सोडलंस की लगेच दाबू नको,
समोरच्याच्या हातात चहा असतो.
चार माणसं मिळाली
तर डोंगर तुझ्या नावावर.

सीक्यू, सीक्यू, सीक्यू.
व्हिक्टर युनिफॉर्म थ्री, आणि पुढची माझी अक्षरं.
सोडलं.
हवेत तळणीचा आवाज.
खाली फेरीबोट धोपाव्याला लागली, परत फिरली,
पुन्हा लागली.
मी बोलत होते. गड्यांनो, मी सवयीनं
"नोंद घ्यावी" म्हणाले एकदा.

आणि तळणीतून कोणीतरी
माझी अक्षरं मला परत सांगितली.
एकेक. बरोबर क्रमानं.
हुबळीचे डॉक्टर होते, रविवारी दवाखाना बंद.
मी पेन्सिल उलटी धरून लिहीत होते.
मग भावनगरचा एक मिठागरवाला.
मग कोल्लमच्या बाई, त्यांनी विचारलं,
तुमच्याकडे वारा फार आहे ना?
होता. पदर काठीला बांधून ठेवलेला,
तोच फडफडत होता माइकजवळ.
माझा वारा तिथपर्यंत गेला होता.

चौथा येईना.
ऊन कलंडलं, बॅटरीचा आकडा उतरत गेला.
शेवटी परकारांनाच हाक मारली, त्यांच्या अक्षरांनी,
तीनदा.
घर तर दिसत होतं इथून, खाडीच्या काठाला, निळं.
काही नाही.

उतरले ती थेट त्यांच्या दारात.
रेडिओ चालू. चहावर साय.
समोर वही, तिच्यात तिरप्या अक्षरात
डॉक्टर, मिठागरवाला, कोल्लमच्या बाई, मिनिटासकट.
खाली माझ्या तीन हाकाही.
मग बोलला का नाहीत?
चौथा मी झालो असतो
तर डोंगर संपला असता, बाय.
आता परत चढशील.

मला रागच आला. अजून थोडा आहे.
घावणे खाल्ले, बोलले नाही.

सोमवार.
सात पाच, दाभोळ, फलाट तीन.
बटण सोडलं
आणि हात तसाच ठेवला, बाजूला.
फलाटावर झोरे कंडक्टर
पेटी खांद्याला अडकवता अडकवता थांबला,
भोंग्याकडे वर बघत,
काहीतरी राहिलंय असं वाटून.