तीट

सेजफिल्डच्या बाहेर, रेसकोर्स ओलांडलं की आमची शेड.
आत पिवळा उजेड,
आणि बाराजण पांढऱ्या कापडात, डोळे तेवढे उघडे.
माणसं ओळखायची ती भुवयांवरून.

इथं आम्ही उजेडाचे पत्रे करतो.
वीज लागली की दिव्यासारखे भडकत नाहीत,
सायीसारखे उजळतात.
अवगुण एकच, पाण्याचं वावडं.
पाणी म्हणजे थेंब नव्हे हो.
श्वासात असतं तेवढं,
बोटाच्या पेरावर असतं तेवढं,
आपण ज्याला कोरडं म्हणतो त्यात असतं तेवढं.

मला झाकायला शिकवलं ग्लेनिस डॉड्सनं.
एक थर काचेसारखा कडक, त्यावर एक मऊ,
परत कडक, परत मऊ.
"भोकं राहणारच, पोरी.
फक्त एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत.
पाण्याला चालव. दमव. वाट चुकव त्याची."
आधी ती वेफर्सच्या पाकिटांवर होती, बावीस वर्षं.
तिथंही वैरी हाच.

मी तिला आईची बरणी सांगितली:
फोडींवर बोटभर तेल, तेलावर बशी, वर दादरा,
आणि ओल्या हातानं जवळ गेलं की पाठीत धपाटा.
"मग तुझं ट्रेनिंग झालेलंच आहे की,"
भुवया म्हणाल्या.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी ती निवृत्त झाली.
कँटीनमध्ये केक, फोटो,
मग "एक शेवटचा काढते" म्हणून आत गेली,
टोपी, मास्क, दोन जोड हातमोजे,
सगळं नियमानं.

पाच आठवडे तो पत्रा भट्टीत होता,
उकाड्यात आणि वाफेत,
जगानं दहा वर्षांत करायचं ते आम्ही तिथं उरकतो.
बाहेर काढला, पेटवला.
लख्ख.
आणि डाव्या कोपऱ्याशी, मोहरीएवढा,
काळा.

सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्याच्या मधोमध एक कण.
त्याच्यावर थर तंबूसारखे ताणलेले,
आणि काठाशी एक चीर,
बस, तिथून.
कण गुलाबीसर. एका बाजूनं चमकणारा.
मी लेन्स बदलली. परत बदलली.
असा रंग आमच्या कुठल्याच कच्च्या मालात नाही.
असा रंग दुकानात मिळतो, चपट्या डबीत, आरशासकट.

फोटोसाठी.
एकतीस वर्षांत एकदा, फोटोसाठी,
आणि "मेकअप लावून आत येऊ नये" ही पाटी
तिनंच ठोकलेली.

तक्त्यात रकाना होता: कारण.
मी लिहिलं, कण.
पुढचा रकाना: उगम.
पेन बराच वेळ धरून बसले.
लिहिलं, कळला नाही.
खाली सही, मृदुला खासनीस, आणि वेळ, पहाटे चार वीस.

पत्रा मोडीत जायचा होता. रीतसर मागून घेतला,
रविवारी फिशबर्नला नेला.
तिनं तो ओट्यावर, खिडकीशी टांगला,
पेटवला, चष्मा लावला,
बोलली नाही.
मग: "माझाच ना?"

तीट कशी समजावणार?
म्हटलं, आमच्याकडे तान्ह्याच्या गालाला
मुद्दाम काळं लावतात.
चांगल्याला नजर लागू नये म्हणून.
"लागू पडतं?"
म्हटलं, मलाही लावायचे. मी आहे अजून.
ती हसली, पण चष्मा काढून.

हा ठिपका वाढणार, तिला ठाऊक होतं.
कपाटातून काचेवर लिहायचा पेन काढला,
ठिपक्याभोवती बारीक कडं, शेजारी तारीख.
"उन्हाळ्यापर्यंत वाटाणा," ती म्हणाली, "लाव पैज."

आणि किटली ठेवली, बरोबर त्याच्याखाली.
वाफ उठली, काचेकडे निघाली.
मी तोंड उघडलं.
मग चहात दूध घातलं.