जवस, बारापैकी तिसरा

नागभीडच्या पुढं, धान कापलेल्या बांधीत
उरल्या ओलीवर जवस उभा आहे.
सकाळी निळा,
दुपारी नुसता हिरवा.

उजाडताच पाच काड्या आणल्या,
गडव्यात ठेवल्या. शेजारी एक पपई,
चित्राला बूड हवं म्हणून.
पेन्सिलीला टोक काढेस्तोवर
पहिली पाकळी सारवणावर.
याला म्हणे स्थिरचित्र.

उरलेलं आठवून लिनोवर कोरलं, उलटं.
जे ठेवायचं त्याला हात लावायचा नाही,
त्याच्याभोवतीचं काढत जायचं.
रात्रभर मांडीवर काळे कपचे.

प्रेस नाही माझ्याकडं.
शाई ताटलीत फासली, कागद पसरला
आणि वरणाच्या पळीची पाठ
घासत राहिले, गोल, गोल,
मनगट भरून येईपर्यंत.

देवकामावशी दारातून वाकली.
"जवसाच्या चटणीवानी वास येते वो."
खरंच की.
शाईत तेच तेल,
लिनोतही आटून बसलेलं तेच.
फुलाला आपल्याच बियांनी
कागदावर आणलं होतं,
आणि मी पळी घासत होते.

पहिला ठसा काळाकुट्ट. दुसरा बरा.
तिसऱ्यात पळी कुठंतरी चुकली:
काड्या आल्या, बोंडं आली,
फुलांच्या जागी कागदच.
बाजूला टाकणार, तर मावशीनं धरला.
"हे दुपारचं होय," म्हणाली. "मले हेच दे."

खाली पेन्सिलीनं लिहिलं, ३/१२. सही केली.
चित्रातली पपई अजून कच्ची आहे.
गडव्याजवळची
आम्ही दोघींनी कापून खाल्ली.